दोन्ही मंडळींना विचारून जा

आदरणीय साहेब, सलाम. शेवगाव-पाथर्डी पट्ट्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत मी सहा वर्षांपासून पाळक (धर्मगुरू) आहे. मुख्य गावाशिवाय चार वाड्या माझ्याकडे आहेत. रविवारी सकाळी गावात उपासना, दुपारी एखाद्या वाडीवर; बुधवारी घरोघरची प्रार्थना; मयत, लग्न, आजारी माणसं हे वेगळंच. शनिवारी रात्री अकराला मी शास्त्र (बायबल) उघडून बसतो आणि उद्या काय बोलावं ते शोधतो. सेमिनरीतला एक मित्र म्हणाला, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या आधी चार-पाच दिवस एकांतात रिट्रीटला जा आणि वर्षभराचे उपदेश आखून टाक. पाचगणीला एका मिशन बंगल्यात खोली मिळते आहे. कमिटीत विषय काढला तर खजिनदार म्हणाले, ‘साहेबांना इथली हवा मानवत नाही वाटतं.’ मंडळीच्या एका वडिलांचं (एल्डरांचं) म्हणणं, सगळं आधीच ठरवलं तर पवित्र आत्म्याला जागा कुठे उरते? बायको काहीच बोलत नाही, आणि तेच जास्त जड जातंय. जावं का? गेलो तर तिथे बसून नेमकं करायचं काय? कोणत्या रविवारी शास्त्रातला कोणता भाग वाचायचा हे सांगणारी तीन वर्षांच्या चक्राची पाठयादी मी वापरतो.
एक तरुण पाळक

प्रिय पाळकबंधू, सलाम.

जा. पण पाच दिवस नकोत, चार पुरेत. सोमवारी सकाळी निघा आणि गुरुवारी रात्री घरी या, म्हणजे एकही रविवार बुडणार नाही आणि खजिनदारांचं निम्मं बोलणं आपोआप मिटेल. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा बरा. त्यानंतर दसरा, मग दिवाळी. दिवाळीच्या सुट्टीत पाचगणीत एकांत शोधणं म्हणजे बाजाराच्या दिवशी एसटीत खिडकीची जागा शोधण्यासारखं आहे.

आता माझी गोष्ट. तुमच्याच वयाचा होतो तेव्हा मीही असाच डोंगरावर गेलो होतो. लोखंडी पेटी भरून पुस्तकं नेली. सहा दिवस खाली मान घालून बसलो आणि 52 उपदेशांचे मथळे, मुद्दे आणि दाखले आखून परत आलो. यादी टाइप करून घेतली, वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत, भिंतीला लावली. फार अभिमान वाटायचा मला त्या कागदाचा. फेब्रुवारीत बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या निवासमंडपावर, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूवर, सहा रविवारांची मालिका होती. दुसऱ्या रविवारच्या आधी गारपीट झाली. उभा गहू झोपला आणि वस्तीवरचे पत्रे उडाले. माझ्या कागदावर मात्र निवासमंडपाचे पडदे होते, म्हणून मी पडद्यांवर बोललो. तिसऱ्या रविवारी फळ्या आणि उथळ्या. उपासना संपल्यावर एक म्हातारी दारात थांबली. म्हणाली, “साहेब, त्या मंडपाच्या खुंट्या-दोऱ्या सगळ्या कळल्या. आमच्या छपराला पत्रा नाही, त्याचं काय ते सांगा की.”

त्या रात्री मी यादी फाडली आणि पुढची आठ-दहा वर्षं पुन्हा शनिवारी रात्री अकराला बसायला लागलो. दोन्ही चुकाच होत्या. पेटीतून मी पुस्तकं नेली होती, माणसं नेली नव्हती. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

म्हणून जाण्याआधी मंडळीला विचारा. तेही दोन्ही मंडळींना. आपल्या जुन्या मराठीत ‘मंडळी’ म्हणजे बायकोसुद्धा. आधी तिच्याकडे वळू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांची बोलणी आहेत, तिचं तेवढं नाही. गेल्या वर्षीचे तुमचे पन्नासेक उपदेश तिने बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसून, मांडीवरच्या पोराला चूप करत ऐकले आहेत. त्यातले किती आठवतात ते तिला विचारा. माझ्या बायकोला मी विचारलं होतं. तिला तीन आठवले, आणि त्यातला एक पाहुण्या पाळकाचा निघाला. राग आला, पण वर्षाच्या आखणीची खरी सुरुवात तिथे झाली. कुठल्या उपदेशाच्या वेळी लोक चुळबुळत होते, कोणत्या घरची बाई हुंदके देत होती, हे पुल्पिटवरून, उपदेशाच्या व्यासपीठावरून, दिसत नाही. तिला दिसतं. बायका पाण्यावर आणि चुलीपाशी जे बोलतात ते तुमच्यापर्यंत येत नाही, तिच्यापर्यंत येतं. एक संध्याकाळ तिच्याबरोबर वही घेऊन बसा. आणि व्यवहाराचंही बघा: तुम्ही नसताना दारात येणाऱ्याला चहा तीच देणार, पोरांना शाळेत तीच सोडणार. सिलिंडर भरून ठेवा, रात्री सोबतीला कोणीतरी सांगून ठेवा, आणि परत आल्यावर तिला चार दिवस माहेरी पाठवा. पोरांना तुमच्याजवळ ठेवून. हे शेवटचं वाक्य वाचल्यावर ती बोलेल असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या मंडळीला विचारणं सोपं आहे. दोन-तीन आठवडे घरभेटीला जाल तिथे एकच प्रश्न टाका: “शास्त्रातलं असं काय आहे जे कळत नाही, पण विचारायची लाज वाटते?” पहिल्या आठवड्यात कोणी काही सांगणार नाही. दुसऱ्या आठवड्यात तरुण पोरं बोलतील. तिसऱ्यात एखादा म्हातारा म्हणेल, मेलेल्या लेकराचा बाप्तिस्मा झाला नव्हता, ते कुठे गेलं? तो प्रश्न त्याने चाळीस वर्षं पोटात ठेवलेला असतो. हे वहीत उतरवा. खजिनदारांनाही विचारा. ज्याला विचारलं जातं तो टोमणे कमी मारतो.

पवित्र आत्म्याचा मुद्दा काढणाऱ्या वडिलांशी वाद घालू नका. ते बहुधा मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं वचन काढतील: काय बोलावं याची चिंता करू नका, त्या घटकेला ते सुचवलं जाईल. नम्रपणे त्यांना आधीची ओळ वाचायला सांगा. ते आश्वासन अधिकाऱ्यांपुढे आणि राजांपुढे ओढत नेल्या जाणाऱ्यांसाठी आहे. शेवगावच्या पुल्पिटवर तशी वेळ अजून आलेली नाही. आत्मा शनिवारी रात्री अकरालाच येतो आणि ऑक्टोबरातल्या मंगळवारी सकाळी येत नाही, असं कुठे लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. शनिवारी रात्री येते ती झोप. आणि झोपेत सुचतं ते गेल्या वर्षीचंच.

पैशाचं थोडक्यात. मंडळीच्या फंडातून फार तर एसटीचं भाडं मागा, राहण्याचं स्वतः भरा. जमत नसेल तर पाचगणी सोडा. घाट चढल्याशिवाय एकांत मिळत नाही असं थोडंच आहे. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, यवतमाळहून 1983 मध्ये तिथे आलेली. ग्रंथालयात बसू देतात का, राहण्याची सोय होते का, फोन करून विचारा. शेजारच्या दोन पाळकांना बरोबर घेऊन खर्च वाटून घ्यायची कल्पना तुमच्या मनात येईल. नका घेऊ. तीन पाळक एका खोलीत आले की पहिल्या रात्री बदल्यांवर बोलतात आणि दुसऱ्या रात्री बिशपसाहेबांवर. मार्काच्या शुभवर्तमानापर्यंत पोचेतो बुधवार उजाडतो.

आता पिशवीत काय न्यायचं. शास्त्र, पाठयादी, एक भाष्यग्रंथ (एकच), मंडळीचं रजिस्टर, गेल्या वर्षीची डायरी, 52 पानांची कोरी वही आणि भिंतीवरचं कालनिर्णय. कालनिर्णय विसरू नका. मिशनरी साहेबांच्या पाठयादीत तुमच्या गावची अमावस्या नसते, बाजार नसतो, यात्रा नसते. कालनिर्णयात तिथ्या असतात, बाकीचं त्यावर तुम्ही पेन्सिलीने लिहायचं.

सोमवारी पोचल्यावर काही करू नका. झोपा. खरंच सांगतो, पहिल्या दिवशी लिहिलेलं सगळं थकव्याचं असतं.

मंगळवारी सकाळी गेल्या वर्षीची डायरी काढा आणि केलेल्या उपदेशांचे शास्त्रपाठ ओळीने एका कागदावर लिहा. या कामाला सगळ्यात जास्त धैर्य लागतं. माझ्या पहिल्या अशा यादीत उधळ्या पुत्रावर तीन उपदेश निघाले, पौलाच्या पत्रांवर एकोणीस, आणि दुःखात देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर एकही नाही. त्या वर्षी माझ्या मंडळीत चार तरुण माणसं गेली होती. चारही मयतींना मी स्तोत्र 23 वाचलं होतं आणि घरी येऊन जेवलो होतो. पाळक आपल्या आवडीचं बोलत राहतो आणि त्याला वाटतं, आपण शास्त्र बोलतोय. ही यादी समोर आली की पुढच्या वर्षी काय बोलायचं हे निम्मं आपोआप ठरतं. काय बोलायचं नाही, हे तर पूर्ण ठरतं.

दुपारी रजिस्टर उघडा. एकेक घर घ्या, नाव वाचा, थांबा, प्रार्थना करा आणि नावापुढे एक ओळ लिहा. मुलगी सासरहून परत आली आहे. बोअर आटली. पोरगा पुण्यात कंपनीत लागला, येत नाही. दोघे भाऊ बोलत नाहीत. शंभर घरं असली तर संध्याकाळ होईल. होऊ द्या. तुम्ही रिट्रीटला गेलात ते यासाठीच. वडिलांना पवित्र आत्म्याची जागा हवी होती ना, ती ही.

पाठयादी हातात घ्यायची ती बुधवारी. मंडळीचं वर्ष आगमनकाळापासून धरलं तर येत्या 29 नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षीच्या 21 नोव्हेंबरपर्यंत बरोबर 52 रविवार येतात. त्या पहिल्या रविवारची तारीखही बघा: 29 नोव्हेंबर 1970 लाच नागपुरात वेगवेगळे पंथ मिळून आपली उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) एकत्र आली. महिलांचा रविवार, तरुणांचा रविवार, बिशपसाहेबांची भेट, पाहुणे हे वजा करा. उरले त्यातले आठ रविवार कोरे सोडा आणि पानावर मोठ्या अक्षरात ‘गारपीट’ लिहा. माझ्याकडून भेट म्हणून. गारपीट होईलच असं नाही, पण काहीतरी होईल.

बाकीच्या पानांवर तीनच ओळी: पाठ कोणता, त्यातून उठणारा प्रश्न कोणता, आणि हे कोणत्या घरासाठी. मुद्दे लिहू नका, दाखले तर मुळीच नाही. उपदेश त्या त्या आठवड्यात लिहायचा. फरक इतकाच की सोमवारपासून तो पाठ तुमच्याबरोबर मोटरसायकलवर असेल, आणि वर्षभर जे ऐकाल, वाचाल ते त्या पानाला टाचत जाल. शनिवारी बसाल तेव्हा पान कोरं नसेल.

यंदा तुमच्या चक्रात मार्काचं वर्ष आहे, म्हणजे मुख्यतः मार्काचं शुभवर्तमान वाचायचं. तुम्हाला हेवा वाटावा असं वर्ष आहे हे. सोळाच अध्याय, भराभर चालणारा, शेतावरच्या माणसासारखा तुटक बोलणारा शुभवर्तमानकार. कालनिर्णय शेजारी ठेवून पाहिलंत तर काही तारखा तुमच्याकडे टक लावून बघतील. आगमनकाळाचा दुसरा रविवार 6 डिसेंबरला आहे. त्या दिवशीचा यशयाचा पाठ चाळिसाव्या अध्यायातला: खोरी वर येतील, डोंगर खाली येतील, उंचसखल सपाट होईल. आणि 6 डिसेंबर म्हणजे बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. माझ्या मंडळीत कितीतरी घरांत येशूच्या चित्राशेजारी बाबासाहेबांचा फोटो असायचा आणि पुल्पिटवरून आम्ही त्या फोटोबद्दल वर्षानुवर्षं चकार शब्द काढला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती असेल, किंवा आपण वेगळे आहोत हे दाखवायची हौस. तुम्ही ती चूक करू नका. 6 डिसेंबर ही ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची जन्मतारीखही आहे, 1861 सालची. पण एका उपदेशात सगळं कोंबू नका. टिळकांसाठी पुढे 9 मे मोकळा आहे. त्यांची पुण्यतिथी, 1919 सालची, आणि यंदा रविवार. त्या दिवशी गीतं फक्त त्यांची घ्या, पेटीमास्तरांना महिनाभर आधी सांगा, आणि उपदेश दहा मिनिटांत आवरा. ती गीतं तुमच्यापेक्षा चांगलं बोलतील.

लेंतचं, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं, यंदा अवघड आहे. राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला, म्हणजे सगळा उपवासकाळ ऊसतोडीच्या हंगामात. तुमच्या भागातली किती घरं कोयता घेऊन टोळीबरोबर जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. उरलेल्या म्हाताऱ्या-पोरांपुढे सात आठवड्यांची मालिका लावून काय करणार? मी असतो तर गावातल्या शुक्रवारच्या सभा साध्या प्रार्थनेच्या ठेवल्या असत्या आणि दोन-तीनदा कारखान्यावर, तोडणीवाल्यांच्या कोप्यांपाशी गेलो असतो. रात्री, ट्रक भरून झाल्यावर. तिथे सात मिनिटांचा उपदेश पुरतो. दमलेल्या माणसापुढे सात मिनिटं बोलायची तयारी चाळीस मिनिटांच्या तयारीपेक्षा जास्त करावी लागते, म्हणून ही पानं पाचगणीतच भरा.

आणि मग भाकरी. मार्क आखूड असल्यामुळे या वर्षी जुलै-ऑगस्टात योहानाचा सहावा अध्याय मध्ये येतो. 25 जुलै ते 22 ऑगस्ट, सलग पाच रविवार, जीवनाची भाकर. जगभरचे पाळक या पाच रविवारांना वैतागतात. तिसऱ्या रविवारी भाकरीवर नवीन काय बोलणार? नगर जिल्ह्यातल्या पाळकाने वैतागलं तर मात्र नवल आहे. येशूने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हाच्या, पोराजवळच्या त्या पाच भाकरी जवाच्या होत्या, हे चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहान सांगतो. जव म्हणजे गरिबाचं धान्य. मालकाच्या ताटात गव्हाची पोळी आणि गड्याच्या फडक्यात बाजरीची भाकर हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला भाष्यग्रंथ कशाला हवा? पहिल्या रविवारआधी मंडळीतल्या दोन बायकांना विचारा की पीठ कमी असलं तर त्या काय करतात, आधी कोणाला वाढतात, शेवटी कोण जेवतं. त्यांचीच उत्तरं पुल्पिटवरून सांगा, त्यांची परवानगी घेऊन. 1 ऑगस्टला ‘मीच जीवनाची भाकर आहे’ हे वाक्य येतं, आणि तो महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे बहुतेक तुमच्याकडे प्रभुभोजन असेल. तिथे फार बोलू नका. 15 ऑगस्ट यंदा रविवारीच आहे. स्वातंत्र्य आणि रेशन या दोन शब्दांत उपदेश आहे. 22 ऑगस्टला पुष्कळ शिष्य सोडून जातात आणि येशू बारा जणांना विचारतो, तुम्हीही जाता का? मुकादमाकडून उचल घेऊन बसलेल्या माणसांपुढे तो प्रश्न कसा वाचायचा, हे मी तुम्हाला सांगणार नाही. मला ते कधी नीट जमलं नाही. तुमच्या वहीतलं ते पान सगळ्यात आधी भरायला घ्या आणि सगळ्यात शेवटी पूर्ण करा.

तुमच्या यादीत 18 जुलैला काय आहे ते पाहिलंत का? मार्काचा सहावा अध्याय. प्रेषित दमून आले आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे जेवायलाही सवड नाही, आणि येशू त्यांना म्हणतो, एकांती चला, थोडा विसावा घ्या. तुमच्या मित्राने रिट्रीटचं सुचवलं तेव्हा हेच वचन सांगितलं असेल. सगळेच सांगतात. पुढचं वचन कोणी सांगत नाही. होडी पलीकडे पोचायच्या आत लोक पायी धावत तिथे हजर होते. ते रिट्रीट फसलं. त्यांना पाहून तो वैतागला नाही, त्याला कळवळा आला, आणि संध्याकाळी पाच हजारांची पंगत बसली.

तेव्हा फोनचं असं करा. बंद ठेवा, पण सेक्रेटरींकडे बंगल्याच्या चौकीदाराचा नंबर द्या. मयत झाली तर शेजारच्या पाळकांनी जायचं असं निघण्याआधी ठरवून ठेवा. फक्त रजिस्टरमधली दोन-तीन नावं अशी काढा की त्यांचं काही झालं तर तुम्ही वही मिटून निघायचं. कोणती नावं ते घरात विचारा, तिला माहीत असेल.

खजिनदारांना माझा सलाम सांगा. आणि येताना त्यांच्यासाठी पाचगणीहून जॅमची बाटली आणू नका. हवापालटाचा संशय पक्का होईल.